गाडीच्या खिडकीतून दिसणारे डोंगर

ग्वाल्हेर, झाशी, सागर, भोपाळ अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना भोपाळ ते इटारसी हा लोहमार्गाचा टप्पा नवा नाही. आजोळी जायला, लग्नकार्याला, कुलदैवताच्या दर्शनाला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण याच मार्गाने दक्षिणेकडे उतरत आलो आहोत. भोपाळ सुटले की पितळी डबे उघडायचे, पुरी-भाजीचा आणि लोणच्याचा वास डब्यात दरवळायचा, मुलांची खिडकीवरून भांडणे व्हायची. औबेदुल्लागंज मागे पडले की बाहेरचा मुलूख पालटू लागतो. गव्हाची सपाट शेते संपतात, सागाचे रान रुळांच्या जवळ येते, आणि त्या रानाच्या वर, टेकड्यांच्या माथ्यावर, कोणी पडक्या किल्ल्याचे बुरूज विसरून गेले असावे तसे प्रचंड खडक उभे दिसतात. हा देखावा काही मिनिटांचा. पुढे बरखेडा येते, घाट लागतो, बुदनी जाते आणि नर्मदेचा पूल जवळ आला की नदीत टाकायला सुटी नाणी काढण्याची घाई सुरू होते. खडक मागे राहतात आणि विसरलेही जातात.

१९५७ साली अशाच एका गाडीतून एक मराठी गृहस्थ प्रवास करीत होते. नाव विष्णु श्रीधर वाकणकर. जन्म १९१९ सालचा, नीमचचा, कर्मभूमी उज्जैन, हाडाचे चित्रकार, पेशाने कलाशिक्षक आणि ध्यास पुरातत्त्वाचा. त्यांनाही हेच खडक दिसले. परंतु खडकांची ती ठेवण पाहून, अशा जागी आदिमानवाने वस्ती केली असणार आणि कदाचित चित्रेही काढली असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. ते रान तुडवीत वर गेले आणि छताखालच्या भिंतींवर त्यांना तांबड्या-पांढऱ्या रंगांतील हरणे, गवे, शिकारी आणि नर्तक भेटले. सरकारी दप्तरात या जागेची १८८८ सालची एक नोंद होती. पण ती आदिवासींकडून कळलेल्या माहितीवर आधारलेली असून तीत ही जागा बौद्ध अवशेषांची म्हटली होती. भीमबैठकेची खरी ओळख जगाला झाली ती वाकणकरांच्या त्या पायपिटीनंतर. २००३ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळाचा मान दिला.

मला या हकीकतीत शोधापेक्षाही त्या खिडकीचे अप्रूप अधिक वाटते. त्याच खिडकीतून आपल्या हजारो माणसांनी बाहेर पाहिले असेल. आपल्या घरांत डोंगर म्हटला की सह्याद्री, आणि रान म्हटले की कोकणातले. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या घरातल्या मुलालाही तोरणा, राजगड, सिंहगड ही नावे पाठ असतात आणि ती असावीत यात वाद नाही. विंध्य मात्र आपल्याला भेटतो तो पुराणात, अगस्तीपुढे वाकून राहिलेला, आणि मग संकल्पाच्या वेळी गुरुजींच्या तोंडून. ज्याच्या अंगाखांद्यावर आपली घरे उभी आहेत, त्या डोंगराची पायी ओळख करून घेण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. वाकणकरांना ते सुचले. माळव्यात जन्मलेल्या मराठी माणसाने माळव्यालाच आपला मुलूख मानले आणि तो पायाखाली घातला, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या मानसन्मानांहून मोठी वाटते.

गेल्या फाल्गुनात आम्ही भीमबैठकेला गेलो, तेव्हा बरोबर पुण्याहून आलेला माझा भाचा होता. महाविद्यालयात शिकणारा, दर रविवारी एखादा गड चढणारा. इंदूरहून पहाटे निघालो. देवास गेले, आष्टा गेले, सीहोर आले, तरी दोहों बाजूंस काळी सपाट जमीन, हरभऱ्याची काढणी आणि लांबवर एखादी बुटकी टेकडी.

"मामा, डोंगर बघायला निघालोय ना आपण? मग डोंगर गेले कुठे?" त्याने विचारले.

"थोडा धीर धर," मी म्हटले, "आणि तोवर या मातीकडे बघ. ही तुझीच आहे."

ती थट्टा नव्हती. माळव्याची ही काळी माती ज्या काळ्या दगडापासून झाली, तो दगड आणि सह्याद्रीचा कातळ एकाच कुळातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे थरांवर थर पसरले, त्यांनी महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापला आणि तेच थर उत्तरेस माळव्यावरही पसरले. मराठ्यांनी १७३८ साली दोराह्याच्या तहाने माळवा आपल्या अंमलाखाली आणला असे आपण इतिहासात वाचतो. सह्याद्रीचा दगड त्याआधी कितीतरी कोटी वर्षे येथे येऊन बसला होता! भोपाळच्या आसपास मात्र हा काळा थर विरत जातो आणि त्याच्या खालचा, त्याहून कितीतरी वृद्ध असा विंध्याचा वालुकाश्म डोके वर काढतो. भाच्याने इतके दिवस ज्याच्यावर बोटे रोवून चढाई केली त्या दगडाचा मुलूख येथे संपत होता.

भोपाळपासून भीमबैठका सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, नर्मदापुरमच्या रस्त्यावर. (जुने नाव होशंगाबाद, ते २०२२ साली बदलले, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून जुनेच येते.) औबेदुल्लागंजाच्या पुढे महामार्ग सोडून, रूळ ओलांडून, गाडी टेकडी चढू लागते. रान विरळ आहे. साग, धावडा, तेंदू, मोह. मध्येच पर्णहीन फांद्यांवर केशरी फुले पेटलेला पळस. मोहाचा सडा अजून पडायचा होता. माथ्याशी पोहोचेपर्यंत पुढे काय आहे याची काही कल्पना येत नाही, आणि मग वळणावर एकदम खडक अंगावर येतात.

भीमबैठका म्हणजे भीमाची बैठक. पंचक्रोशीतील लोकांनी या साऱ्या मुलखाला पांडवांच्या वनवासाची कथा जोडून टाकली आहे. शेजारच्या टेकडीचे नाव लाखाजुआर, म्हणजे लाक्षागृह म्हणे. पायथ्याच्या भियांपुराचे मूळ नाव भीमपूर सांगतात. आपल्याकडे जसा प्रत्येक अवघड कडा पांडवांनी एका रात्रीत कोरलेला असतो, तसेच हे. या दगडांचा आकार पाहिला की लोकांनी भीमाची आठवण का काढली ते उमजते. येथे बसायला माणूस तेवढाच मोठा हवा.

एकूण सात टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. गुहा हा शब्द येथे तंतोतंत लागू पडत नाही. अजिंठा-वेरूळला माणसाने डोंगर कोरला. येथे टाकीचा घावही नाही. पाणी, वारा आणि ऊन यांनी वालुकाश्माचे मऊ थर हळूहळू खाऊन टाकले, कठीण थर पुढे आलेले छत म्हणून राहिले, आणि त्या छताखाली पावसापासून सुरक्षित अशी जागा आयती तयार झाली. सर्वसामान्य प्रवाशांसाठी यांपैकी पंधरा आश्रय खुले आहेत. त्यांना जोडणारी पायवाट सुमारे दीड किलोमीटरची, बांधलेली, वृद्धांना आणि मुलांनाही झेपणारी आहे. गडकोटांची सवय असलेल्याने ती वीस मिनिटांत संपवता येईल. आमच्या भाच्याने संपवलीही, आणि टोकाला जाऊन परत येऊन आमच्याकडे पाहत उभा राहिला. आम्ही तोवर पहिल्याच दगडापाशी होतो.

हा पहिला मोठा आश्रय म्हणजे 'ऑडिटोरियम' या नावाने ओळखली जाणारी भव्य कमान. खरे तर तो एक आरपार बोगदाच आहे; सुमारे एकोणचाळीस मीटर लांब आणि देवळाच्या सभामंडपाहून उंच. आत पाऊल टाकले की बाहेरचे ऊन एकदम परके होते. आवाज खाली येतो; आपण आपसूक हळू बोलू लागतो. वाट पुढे जाते तिथे बाहेरच्या प्रकाशाचा एक उंच, निमुळता दरवाजा दिसतो आणि त्याच्या तोंडाशी एक मोठी शिळा एखाद्या आसनासारखी उभी आहे. या शिळेवर वाटीच्या आकाराचे उथळ खळगे आहेत, मुद्दाम ठोकून केलेले. काही संशोधक हे खळगे लाखो वर्षांपूर्वीचे, माणसाच्या हातून घडलेल्या कलेच्या अगदी आरंभीच्या खुणांपैकी मानतात. इतरांना हा काळ मान्य नाही. वाद काहीही असो, खळगे पोटापाण्याच्या कामाचे नाहीत एवढे पाहताक्षणी कळते. उभ्या दगडावर कोणी धान्य कुटत नाही. जवळच्या भिंतीवर एका लहान मुलाच्या पंजाचा ठसा आहे. माझ्या पत्नीने त्यापासून वीतभर अंतर राखून हवेतच आपला हात धरून माप घेतले आणि म्हणाली, "पाच-सहा वर्षांचा असेल." तिने चाळीस वर्षे बालवाडी चालवली आहे, तिचा अंदाज मी पुराव्याइतकाच मानतो.

याच सभामंडपाच्या भिंतीवर अलीकडे एक मौजेचे प्रकरण घडले. २०२० साली येथे आलेल्या काही परदेशी व भारतीय भूवैज्ञानिकांना उंचावर पानाच्या शिरांसारखी एक आकृती दिसली. ती सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या 'डिकिन्सोनिया' नामक प्राण्याचा जीवाश्म होय, असा त्यांनी २०२१ मध्ये निबंध लिहिला. जगभर गाजावाजा झाला, कारण ते खरे असते तर या खडकांचे वय निम्म्याने कमी झाले असते. मग दुसऱ्या अभ्यासकांनी पुन्हा येऊन पाहिले, तर ती आकृती दगडातून सुटू लागलेली! ते आग्या मोहोळाचे वाळलेले अवशेष होते. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पहिल्या निबंधाच्या प्रमुख लेखकाने आपले म्हणणे मोकळेपणाने मागे घेतले. विंध्याच्या या थरांचे वय आता पुन्हा शंभर कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. मधमाश्या मात्र आजही या छतांखाली पोळी करतात; येणाऱ्याने वर पाहून, अत्तरे न लावता आणि आरडाओरडा न करता फिरावे.

चित्रांकडे वळण्यापूर्वी एक सूचना. अजिंठ्याची भव्यता मनात ठेवून येणाऱ्याची येथे प्रथमदर्शनी निराशा होते. चित्रे लहान आहेत, वीत-दोन वीत, काही बोटभर. काही इतकी फिकी की दगडाचा डाग कोणता आणि हरिण कोणते ते कळत नाही. भिंतीपासून थोडे मागे सरून उगीच उभे राहावे. डोळे सावलीला सरावले की एक शिंग दिसते, मग मान, मग पाठीची रेघ, आणि एकदा एक जनावर सापडले की त्याच्या मागून सारा कळप रानातून बाहेर यावा तसा भिंतीतून बाहेर येतो. आमचा भाचा ज्या भिंतीवरून दोनदा गेला होता तीच ही. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि अर्धा तास उठला नाही.

चौथ्या क्रमांकाचा आश्रय या दृष्टीने सर्वांत श्रीमंत. त्याला 'झू रॉक' म्हणतात. एकाच शिळेवर साडेचारशेच्या वर आकृती मोजल्या गेल्या आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्राण्यांच्या, सोळा निरनिराळ्या जातींच्या. हत्ती, गवे, सांबरे, चितळे, रानडुकरे, मोर. पण गर्दीहूनही मोठी नवलाची गोष्ट अशी की ती एका वेळची नाही. पांढऱ्या हरणाच्या पोटावर तांबडा घोडा चढला आहे, तांबड्यावर पुन्हा दुसरे काही. शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षांच्या अंतराने आलेल्या माणसांनी तीच भिंत निवडली, जुने पुसले नाही आणि त्यावरच आपले काढले. आधीची चित्रे शिकाऱ्यांची आहेत: हातात दगडी पात्याचे भाले, अंगावर फारसे काही नाही, आणि धावण्याचा विलक्षण आवेग. नंतरची चित्रे येतात ती घोडेस्वारांची, ढाल-तलवारींची, मिरवणुकांची. घोडा कळला की काळ बदलल्याचे कळते. जुनी जनावरे जिवंत वाटतात. नंतरचे स्वार पुष्कळदा ठरीव साच्यातले. हे माझे मत आहे. चित्रकलेच्या जाणकारांनी ते खोडून काढावे.

रंग मुख्यतः दोन, तांबडा आणि पांढरा. तांबडा गेरूचा, लोहयुक्त दगड उगाळून केलेला. हिरवा आणि पिवळा क्वचित. हिरव्या रंगातील कमनीय नर्तकांच्या आकृती सर्वांत प्राचीन असाव्यात असे वाकणकरांचे मत होते. नंतरच्या अभ्यासकांत त्यावर एकवाक्यता नाही. बहुतेक शिकारीची चित्रे मध्याश्मयुगातील, म्हणजे ठोकळमानाने दहा हजार वर्षांच्या आतबाहेरची धरतात. भीमबैठकेच्या चित्रांत गेंडाही आहे. आज मध्य प्रदेशच्या रानात गेंडा नाही, आणि हत्तीही अलीकडेच पूर्वेकडून येऊ लागलेले तेवढे. म्हणजे ही भिंत एका अर्थी या अरण्याची जुनी खातेवहीच. नावे आहेत, त्यांतली काही खाती केव्हाच बंद झाली आहेत.

आमच्यासोबत पायथ्याच्या गावातला एक वयस्क वाटाड्या होता. बोली हिंदी, बोलणे मोजके. मी त्याला विचारले की तुम्ही लहानपणी ही चित्रे पाहत होता का. तो म्हणाला, गुरे घेऊन येत होतो, पाऊस आला की याच छताखाली थांबत होतो; चित्रे होती, पण त्यात विशेष काय, आमच्या घरीही दिवाळीला आई भिंत सारवून गेरू आणि खडूने अशीच काढत असे. मग थोडे थांबून म्हणाला, "हत्ती मात्र ती काढत नसे. पाहिलाच कुठे होता!" या परिसरातील गोंड, कोरकू आदींच्या गावांतून भिंती रंगवण्याची ही रीत अजून आहे, आणि भीमबैठकेला जागतिक वारसा ठरवताना हा सांधा विचारात घेतला गेला, हे मला विशेष वाटते. पुस्तकात वाचलेली गोष्ट एका माणसाने सहज आईच्या आठवणीत सांगितली.

वाटेच्या शेवटी पंधरावा आश्रय. अळंबीच्या छत्रीसारखा एकच प्रचंड खडक, त्याच्या आतल्या कडेला एक अजस्र जनावर रंगवलेले आहे: तोंड रानडुकराचे, डोक्यावर शिंगे, आणि त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने पळणारा एक चिमुकला माणूस. शेजारी खेकडा. हे जनावर कोणत्याही रानात कधी नव्हते. बाकी भिंतींवर माणूस जनावरांमागे धावतो. येथे ते उलटे झाले आहे. कोणाचे स्वप्न म्हणावे, कोणाची भीती, की मुलांना सांगायची गोष्ट? मामी आणि भाचा यांच्यात यावर बरीच चर्चा झाली. तिचे म्हणणे गोष्टच. त्याचे म्हणणे शिकार बिघडल्याची खरी हकीकत, सांगताना डुक्कर मोठे होत गेले.

या उंचवट्यावरून खाली दूरवर रान पसरलेले दिसते आणि एका कड्यावर कासवासारखा खडक, मान पुढे काढलेला. झुळूक आली. खालून, दिसत नसलेल्या रुळांवरून, एक गाडी शिटी देत गेली.

चित्रांबरोबरच या जमिनीखालीही मोठे धन सापडले. १९७२ पासूनच्या पाच-सहा वर्षांत वाकणकरांनी येथे उत्खनन केले, आणि त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वि. ना. मिश्र यांनी एका आश्रयाची जमीन थरांथराने उकलली. तळाशी दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, लाखभर वर्षांहूनही जुन्या. दगड पसरून केलेल्या फरश्याही मिळाल्या. तेथपासून ऐतिहासिक काळापर्यंत माणसाचा वावर या एका छताखाली जवळजवळ खंड न पडता चालू होता. वाकणकरांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह त्यांनी लिहिलेले 'स्टोन एज पेंटिंग इन इंडिया' प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. उज्जैनच्या कितीतरी घरांत अजून त्यांचा उल्लेख पद्मश्री म्हणून होत नाही, 'वाकणकर सर' असाच होतो.

आता जरा रानाविषयी, कारण खडक पाहायला आलेला प्रवासी रानाला पडदा समजतो. हे रातापानीचे अरण्य. १९७६ पासून अभयारण्य, आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले. त्याच महिन्यात या व्याघ्र प्रकल्पाला डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे नाव देण्याची घोषणा झाली. वाघांच्या रानाला चित्रकाराचे नाव! याहून योग्य नाव मला सुचत नाही, कारण या भिंतींवरचे वाघ वाचायला आपल्याला त्यांनीच लावले. शेजारी देलावाडीच्या बाजूस याच अरण्यात गिन्नौरगढ हा गोंडांचा जुना किल्ला आहे. भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला २०२१ मध्ये ज्या राणी कमलापतीचे नाव मिळाले, तिच्या पतीच्या राज्याचा हा गड. आत जायचे तर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या हवाच.

पण ज्या लोहमार्गाने ही जागा आपल्याला दाखवली, तोच या रानाच्या अंगावरचा व्रणही आहे. बरखेडा ते बुदनी हा घाटाचा टप्पा वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पडतो. जुलै २०२४ मध्ये मिडघाटाजवळ गाडीखाली वाघाचा एक बछडा जागीच ठार झाला आणि दोन जबर जखमी झाले. त्यांना उचलून आणण्यासाठी भोपाळहून एका डब्याची खास गाडी पाठवावी लागली होती, आणि तरीही ते पुढे वाचले नाहीत. नव्या तिसऱ्या मार्गावर जनावरांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत. जुन्या रुळांवर वेगाचा प्रश्न उरतोच. आपण वातानुकूलित डब्यात पडदे ओढून झोपलेलो असतो तेव्हा बाहेर कोण रूळ ओलांडण्यासाठी थांबले आहे, हे आपल्याला दिसण्याचे कारण नाही.

चित्रांना धोका याहून साधा आहे. पावसाचे झिरपणारे पाणी, शेवाळ, माश्या, आणि माणसाचे हात. पूर्वी चित्र उठून दिसावे म्हणून लोक त्यावर पाणी शिंपडत. क्षणभर रंग उजळतो खरा, पण दगडातले क्षार पाण्याबरोबर वर येऊन पांढरा पापुद्रा धरतो आणि चित्र पहिल्याहून फिके होते. आता पहारेकरी असतात, काही आश्रयांपुढे कठडे आहेत. तरी आमच्यासमोरच एका सुशिक्षित दिसणाऱ्या गृहस्थांनी मुलाला कठड्यावरून उचलून हरणाला हात लावायला सांगितले. वाटाड्या धावला. गृहस्थ रागावले; आपण तिकीट काढले आहे असे त्यांचे म्हणणे होते! दहा हजार वर्षे ज्याला पावसाने पुसले नाही त्याला आपण एका सुटीत पुसू शकतो, हे त्या मुलाला कोणी सांगायचे, हा प्रश्न पहारेकऱ्यांच्या संख्येने सुटणारा नाही. आपल्या घरांतील मुलांना तरी ते येण्यापूर्वी सांगून ठेवावे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. कार्तिक ते फाल्गुन हे महिने उत्तम. श्रावणातले हिरवे रान सुंदर, पण दगड निसरडे असतात. वैशाखात जाऊ नये, खडक तापून भट्टी होते. सकाळी लवकर पोहोचावे, कारण तिरपे ऊन आश्रयांत शिरते आणि गर्दीही नसते. पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी, मात्र शिदोरी वाहनतळाशीच सोडावी. वानरांची नजर तीक्ष्ण आहे. उपाहारगृह खाली महामार्गावर आहे. दुर्बीण असल्यास न्यावी, छताजवळच्या चित्रांना फार उपयोगी पडते. वेळ असेल तर वाट थोडी वाकडी करून भोजपूरचे अकराव्या शतकातील अपुरे शिवमंदिर पाहावे. तेथे मोकळ्या कातळावर शिल्पकारांनी कोरलेले मंदिराचे आराखडे अजून आहेत, आणि येथल्या भिंती पाहून आलेल्या डोळ्यांना ते अधिक बोलके वाटतात. आणि ज्यांना नर्मदा ओलांडून पुढे जायचेच आहे, त्यांच्यासाठी नर्मदापुरमला गावालगत आदमगडची टेकडी आहे. तेथेही शैलचित्रे आहेत आणि तेथे उत्खनन करणाऱ्यांत रा. वि. जोशी हे आपलेच एक नाव आहे. स्थानकापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटे. दोन गाड्यांमध्ये चार तास असले तरी पुरतात.